टीपकागदाखालचं तिकीट

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर एका सोनसाखळी चोरामागे भर दुपारी नाल्यात उतरलो. ते किस्से आता मित्रमंडळींत सांगायला बरे वाटतात. पण जी केस आठवली की अजून तोंड कडू होतं, ती एका टपाल तिकिटाची आहे. अंगठ्याच्या नखापेक्षा जरासं मोठं तिकीट. रक्त नाही, हत्यार नाही, पळापळ नाही. आरोपी पकडला, माल जसाच्या तसा सापडला, आणि तरी फिर्यादी हरला. नावं घेणार नाही. त्यातली बहुतेक माणसं अजून त्याच भागात राहतात आणि सकाळी एकाच बागेत फिरायला जातात.

मी तेव्हा घाटकोपरच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. एका सोमवारी सकाळी केबिनमध्ये बसलो असताना बाहेर हशा ऐकू आला. ठाण्यात सकाळी सकाळी हशा म्हणजे कुणाची तरी फजिती चालली आहे, हे मला अनुभवानं ठाऊक होतं.

"काका, कुठलं तिकीट हरवलं? हार्बरचं की मेनचं?" ठाणे अंमलदार विचारत होता.

"गाडीचं नाही हो. पोस्टाचं."

"मग पोस्टात जा ना यार! पाच रुपयांत नवीन देतील."

मी बाहेर आलो तसे सगळे फायलींत डोकी घालून बसले. टेबलासमोर एक सत्तरीचे गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात प्लास्टिकचं फोल्डर. चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्याला हसणारच, हे धरून आलेल्या माणसाचा तो चेहरा होता. मी त्यांना आत बोलावलं. बसण्याआधी त्यांनी हात जोडून "जय भीम, साहेब" म्हटलं आणि मग खुर्चीच्या टोकावर बसले.

चेंबूरला राहायचे, मूळचे वऱ्हाडातले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचे वडील तालुक्याच्या पोस्टात टपालाच्या थैल्या वाहायचे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत एक मोठ्या किमतीचं तिकीट निघालं, ते वडिलांनी आपल्या पहिल्या पगारातून विकत घेतलं. ना ते पाकिटाला लावलं, ना कुणाला विकलं. घरात खायची ओढाताण, आणि हा बाबा कागदाचा तुकडा घेऊन आला म्हणून आजीनं दोन दिवस अबोला धरला होता म्हणे. पण पोस्टमास्तर जे तिकीट काउंटरवर कुलपात ठेवतो, ते आपल्याही घरात असावं, एवढंच त्यांना वाटलं होतं. वडील गेले, तिकीट मुलाकडे आलं. मुलाला त्यातूनच तिकिटं जमवायचा नाद लागला.

घाटकोपरला एका शाळेच्या वर्गात रविवारी सकाळी तिकीट संग्राहकांचं मंडळ भरायचं. काका तिथे तीस वर्षं जात होते. मंडळाचे सचिव मुलुंडचे, मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. तिकीट पारखण्यात त्यांचा शब्द अखेरचा. कारण मंडळात द्रावाची बाटली फक्त त्यांच्याकडे होती आणि ती कशी वापरायची हेही त्यांनाच ठाऊक होतं.

हा द्राव काय प्रकार आहे ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. जुन्या तिकिटाच्या कागदात एक जलचिन्ह असतं, नोटेत असतं तसं. साध्या डोळ्यांना ते धड दिसत नाही. तिकीट काळ्या बशीत पालथं घालायचं आणि वर द्रावाचे चार थेंब टाकायचे. कागद ओला होतो आणि जलचिन्ह वर येतं. त्याबरोबर तिकिटाची सगळी लपवाछपवीही वर येते. चिकटवलेला कोपरा, खरवडून पातळ झालेली जागा, मागून सांधलेली फाट, सगळं. जिथे दोष तिथे काळा डाग. द्राव उडून गेला की तिकीट पुन्हा होतं तसं, मागच्या डिंकालाही काही होत नाही. आमच्याकडेही संशयितांसाठी अशी एखादी बाटली असती तर किती बरं झालं असतं, असं माझ्या मनात येऊन गेलं.

त्या वर्षी मंडळाचं प्रदर्शन होतं. काकांनी वडिलांचं तिकीट पहिल्यांदाच बाहेर काढायचं ठरवलं. त्याआधी रीतीप्रमाणे सचिवांकडून तपासून घेतलं. सगळ्यांसमोर तिकीट बशीत गेलं, थेंब पडले, ताऱ्यांचं जलचिन्ह स्वच्छ वर आलं. एकही डाग नाही. टाळ्या वाजल्या. काका तिकीट घरी घेऊन गेले. पुढे प्रदर्शनाच्या दिवशी पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी तेच तिकीट पुन्हा बशीत घातलं, तर एक अख्खा कोपरा काळा पडला. कोपरा दुसऱ्याच तिकिटाचा, जोडलेला. मागचा डिंकही नवा.

"परीक्षकांनी माइकवरून सांगितलं, साहेब. दुरुस्त केलेलं तिकीट, स्पर्धेतून बाद," काका म्हणाले. "मी म्हटलं, अहो, परवा तर सगळ्यांनी स्वच्छ पाहिलंय. तर सचिव सगळ्यांसमोर म्हणाले, त्या दिवशी स्वच्छ होतं हे खरं. पण घरी नेल्यावर त्याचं काय झालं, ते मी कसं सांगणार?"

म्हणजे काकांनी अस्सल तिकीट गुपचूप विकलं आणि वडिलांच्या नावाखाली नकली लावलं. सचिव तसं बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती. त्याच संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर 'विश्वासाला तडा' वगैरे मजकूर फिरू लागला. काकांनी मोबाइल काढून तो मला दाखवला.

"तिकीट गेलं त्याचं वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण माझ्या बापाच्या नावानं मी खोटं लावलं, असं लोक म्हणतात. तेवढं पुसून पाहिजे, साहेब. बाकी काही नको."

मी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि अर्जाची चौकशी स्वतःकडे ठेवली. सहकारी चकित झाले. खरं सांगायचं तर मलाही त्या वेळी काकांचं सगळं खरं वाटलं नव्हतं. पण खोटं बोलणारा माणूस ठाण्यात येऊन हसं करून घेत नाही. तो वकील घेऊन येतो.

पुढच्या रविवारी मी साध्या कपड्यांत मंडळात गेलो. माणसं सभ्य होती. कुणी डॉक्टर, कुणी बँकेतून निवृत्त, कुणी शाळेतले. चहा-बिस्किटं आली. सगळे काकांबद्दल हळहळत होते, आणि त्या हळहळीत त्यांना थोडी मजाही येत होती. स्पोर्ट्स शूज घातलेले एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, तुम्ही समजूतदार आहात म्हणून बोलतो. असलं तिकीट मुळात त्यांच्याकडे आलं कुठून, हाच खरा प्रश्न आहे ना?"

"त्यांच्याकडे म्हणजे?" मी विचारलं.

"नाही, म्हणजे, यू नो."

मला कळलं होतं. पण असल्या माणसाला वाक्य पुरं करायला लावायचं असतं. मी नुसता बघत राहिलो. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं, ते कपात पडलं, आणि ते चमचा शोधायला निघून गेले.

खबर आली ती दोन दिवसांनी, फोनवर. मंडळातल्याच एक बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. आवाज दबका. "साहेब, त्यांचं एकट्याचं झालेलं नाही. माझ्या यजमानांचं एक तिकीट सचिवांनी तपासलं तेव्हा चांगलं होतं. नंतर विकायला काढलं तर फाटकं निघालं. आम्हाला वाटलं, आमच्याच हातून काही झालं असेल. आणखी एकांचंही झालंय. पण नाव घेऊ नका हां. रोज तोंडं बघायची असतात."

फसवल्या गेलेल्या माणसाला पैशापेक्षा आपण मूर्ख ठरू याची भीती जास्त असते. शिकलेल्या माणसाला तर फारच. ठगांचा अर्धा धंदा या लाजेवर चालतो.

आता प्रश्न एवढाच होता की तिकीट बदललं कधी. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बशीत गेलेलं तिकीट सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच परत मिळालं होतं. मी सचिवांना ठाण्यात बोलावलं, पण संशयित म्हणून नाही. म्हटलं, "आम्हाला यातलं काही कळत नाही. तुम्ही जाणकार. एकदा सगळं करून दाखवाल का, म्हणजे मला अहवाल लिहिता येईल." माणसाला आपली विद्या दाखवायची हौस असते. ते चामड्याची पेटी घेऊन हजर झाले.

माझ्या टेबलावर त्यांनी पांढरा रुमाल अंथरला. काळी बशी, ड्रॉपर, चिमटा, बाटली. आपल्या संग्रहातलं एक साधं तिकीट बशीत घातलं, थेंब टाकले आणि जलचिन्ह कसं वर येतं ते मला समजावून सांगितलं. आवाज अगदी प्राध्यापकाचा. मग चिमट्यानं तिकीट उचलून टीपकागदाच्या घडीत ठेवलं आणि वर जाडजूड पुस्तक ठेवून म्हणाले, "आता पाच-दहा मिनिटं हात लावायचा नाही. तोवर चहा."

चहा आला. मी बशीकडे पाहिलं. बशी कोरडी ठणठणीत. कप ओठाला लागायच्या आत द्राव उडून गेला होता.

"साहेब," मी म्हणालो, "हा तर डोळ्यांदेखत वाळला. मग टीपकागद कशाला?"

"पद्धत आहे."

"कुणाची?"

त्यांनी चिमटा रुमालावर सरळ ठेवला. "माझी," म्हणाले.

तिकीट ओलं असताना सगळं मंडळ बशीवर वाकायचं. डोळ्यांत तेल घालून बघायचं. एकदा टाळ्या झाल्या की तपासणी संपली. मग चहा, बिस्किटं, नातवंडांचे फोटो. टीपकागदाकडे कुणी बघायचं नाही. सचिवांच्या हातातल्या तिकिटाकडे टक लावून बघणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास, आणि ते त्या मंडळात बसत नव्हतं. घडीच्या दुसऱ्या पदरात जोडकाम केलेलं तिकीट आधीच ठेवलेलं असायचं, आणि परत मिळायचं ते तेच. अशी चूक फक्त सभ्य माणसं करू शकतात. भाजी बाजारातल्या बाईनं वजन होईपर्यंत तराजूवरची नजर काढली नसती, आणि वजन झाल्यावर पिशवीवरची.

मी ती घडी त्यांच्यासमोर उलगडली. आत एकच तिकीट होतं, ठाण्यात दुसरं कशाला असणार. पण त्यांचा चेहरा उतरला तो उतरलाच.

गुन्हा दाखल केला. पंचांना घेऊन मुलुंडला घरझडती घेतली. त्यांच्या पत्नीनं दार उघडलं आणि "काय झालं हो यांना?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. त्या बाईंना खरंच काही ठाऊक नव्हतं. कपाटात अल्बमांच्या रांगा होत्या, आणि एका पानावर काकांच्या तिकिटासारखी न वापरलेली सात तिकिटं. सचिव तोवर सावरले होते. "वर्षानुवर्षं जमवलेली आहेत. यातलं त्यांचं कुठलं, ते सिद्ध करा," म्हणाले. न वापरलेलं तिकीट, त्यावर शिक्का नाही, सही नाही. सातही सारखीच दिसत होती.

मी काकांना विचारलं, ओळखाल का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाले, "बाबा हे आणि नंतर घेतलेली स्वस्तातली तिकिटं वहीत लावायला पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या कापायचे. विकतच्या पट्ट्या कुठून आणणार. न्हाव्याकडून जुनी कात्री आणली होती, तिनं टोकं गोल करायचे. टोक टोचलं तर तिकिटाला इजा होते, म्हणायचे. मी ती पट्टी नंतर काढली होती. तिचा काही माग राहिला असेल तर बघा."

पुण्याच्या परीक्षकांना बोलावलं. पंचांसमोर सातही तिकिटं एकेक करून बशीत पालथी घातली. सचिवांचीच बाटली, सचिवांचीच बशी. पाच तिकिटांवर काहीच नाही. सहाव्यावर द्राव पडला आणि डिंकात एक फिकट पट्टी वर आली, दोन्ही टोकं गोल. सातवंही कोरंच निघालं. काकांच्या वडिलांच्या वहीतली बाकीची तिकिटं बशीत घातली, तर तीच पट्टी, तशीच गोल टोकं. परीक्षकांनी भिंगातून पुन्हा पुन्हा पाहिलं आणि जबाब लिहून दिला. काका भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं. 

त्यानंतर चौकशीत सचिवांनी फार वेळ घेतला नाही. असे लोक मारानं बोलत नाहीत आणि त्याची गरजही नसते. त्यांना समोर बसवून गप्प राहावं. शांतता त्यांना सहन होत नाही.

"मी ते विकलं का? विचारा ना," ते एकदम म्हणाले. "मी एकही तिकीट विकलेलं नाही. माझ्याकडे ती नीट राहतात. त्याच्या घरी काय, लोखंडी कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं, त्यानंच सांगितलं! अशा लोकांना कळतं का आपल्याकडे काय आहे ते?"

"पहिल्या पगारातून घेतलं होतं ते," मी म्हणालो. "तुमच्या वडिलांनी पहिल्या पगारातून काय घेतलं?"

 जबाबावर सही केल्यावर त्यांनी टापटिपीनं पेनाचं टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

इथे केस संपायला हवी होती. दोषारोपपत्र गेलं, तिकीट न्यायालयाच्या आदेशानं काकांच्या ताब्यात दिलं. मग मंडळी कामाला लागली. आरोपी वयस्कर, हृदयाचा त्रास, मुलगी परदेशात, मंडळाची बदनामी, कशाला ताणता. हे सगळं सांगायला मंडळातले पाच-सहा जण मिळून चेंबूरला काकांच्या घरी गेले. त्यांच्यात ते स्पोर्ट्स शूजवालेही होते. तीस वर्षांत त्यांच्यापैकी कुणीही त्या घराची पायरी चढला नव्हता. काकूंनी पोहे केले. सगळ्यांनी खाल्ले, मागून घेतले.

काका मला विचारायला आले. "साहेब, मिटवू का? घरी आले हो सगळे. पोहे खाल्ले."

"तुम्हाला काय पाहिजे होतं ते आठवतंय ना?" मी म्हणालो.

"तेच मागितलं. म्हटलं, बाकी काही नको, मी खरं बोललो होतो एवढं सगळ्यांना सांगा. म्हणाले, अर्थात, अर्थात!"

फिर्यादी म्हणून तो त्यांचा हक्क होता. न्यायालयाच्या परवानगीनं तडजोड झाली, आरोपी सुटला. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर निवेदन आलं. काकांनी ते मला पाठवलं, सोबत एक अक्षरही न लिहिता. 'आपल्या दोन ज्येष्ठ सदस्यांमधील गैरसमजातून निर्माण झालेला वाद सामोपचाराने मिटला आहे. दोघांचेही अभिनंदन.' खाली फुलांची आणि हात जोडल्याची चित्रं. गैरसमज! मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला आणि काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, केस तर आता राहिली नाही ना?" आणि त्यांचं बरोबर होतं.

निवृत्तीनंतर चेंबूरच्या मार्केटमध्ये काका भेटले. मंडळ सोडलं होतं. सचिव पुन्हा जाऊ लागले होते, तब्येत जपून. मी विचारलं, तिकीट कसं आहे? आहे, म्हणाले. मग भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाले, "परवा मेव्हण्यानं विचारलं. सख्खा मेव्हणा. म्हणे, भाऊजी, खरंच चोरी झाली असती तर तुम्ही मिटवलं असतं का?" पिशवी पुन्हा उचलत त्यांनी विचारलं, "तुम्ही येऊन सांगाल का, साहेब, त्याला एकदा?"

मी गेलो. का नाही जाणार? पोलिसाचं ऐकतील, असं मलाही वाटलं. वाकोल्याला मेव्हण्याच्या घरी बसून मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. टीपकागद, झडती, गोल टोकांची पट्टी, कबुली. काका शेजारी बसून माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. घरातल्या सगळ्यांनी आदरानं ऐकलं. सरबत आलं.

चोर शोधायचं आम्हाला शिकवलेलं असतं, त्याचा पगार मिळतो. भल्या माणसावर बसलेला आळ काढायला मात्र कायदा पुरत नाही, त्याच्या भोवतीच्या माणसांना 'आम्ही चुकलो' म्हणावं लागतं. आणि माणसं त्यापेक्षा 'गैरसमज' म्हणतात, 'मिटलं' म्हणतात, पोहे खातात. या केसनं मला एवढंच शिकवलं, आणि तेही निवृत्तीनंतर, जेव्हा त्याचा कुणालाच उपयोग नव्हता.

माझं बोलून झाल्यावर मेव्हणा उठला, हात जोडले आणि मनापासून म्हणाला, "तुम्ही एवढे मोठे साहेब सांगता, म्हणजे असेल."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "चला साहेब, तुम्हाला उशीर होईल."